आबांची निम्मी टाकी

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आबांनी नोटिशीचा खुलासा आवक-जावक टेबलावर दिला आणि पोच घेतली. जिना उतरताना ते मधल्या पायरीवर बसले. आम्ही त्यांना धुळ्याला नेलं. रुग्णालय येण्याआधी ते गेले.

आबा आमच्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचे प्रमुख होते. हुद्दा अभियंत्याचा, पण साहेब म्हटलेलं त्यांना चालत नसे. मी लेखा विभागात लिपिक. आमच्या टेबलांमध्ये एक कपाट होतं, आणि सात वर्षं त्या कपाटाच्या कडेने मान काढून ते माझ्याशी बोलत. ते गेल्यावर कपाट कुणीतरी भिंतीला सरकवलं. आता मला त्यांचं टेबल पूर्ण दिसतं.

आबा घाबरट होते. हे मी त्यांच्या माघारी म्हणते आहे असं नाही. ते स्वतःच सांगत. नवा मुख्याधिकारी आला की विभागप्रमुख एकेक करून ओळख करून देतात. आबांची ओळख ठरलेली असे. "मी पाणीपुरवठा बघतो. अन् मले भीती वाटते." खोलीत हशा पिके. आबा हसत नसत. ते ओळखच देत होते. कार्यालयात त्यांना 'भित्रे आबा' म्हणत, आणि शिपायापासून सगळे ते त्यांच्यासमोर म्हणत. त्यांचं टेबल पंख्याखाली नव्हतं, खिडकीकडे कोपऱ्यात होतं. एप्रिलमध्येही ते तिथेच बसत, शर्ट पाठीला चिकटलेला. कुणी टोकलं की म्हणत, "पंखा मी बसवलेला नाही. ज्याने बसवला त्याला मी ओळखत नाही."

ते मूळचे रावेरकडचे. घरी केळीच्या बागा. घड भरत आला की झाड वाकतं, मग त्याला बांबूचा टेकू द्यावा लागतो. आबांचे वडील उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्याआधी एकेका झाडापाशी जाऊन टेकू हलवून बघत. शेजारचे हसत, म्हणत, एवढा वेळ पाणी द्यायला दिला असता तर घड वजनात वाढला असता. आबा हे सांगायचे आणि पुढे जोडायचे, "वारा येऊन गेला की पडलेल्या झाडांचा पंचनामा करायला तलाठी येतो. उभ्या राहिलेल्या झाडांकडे कोणी बघायला येत नाही ताई. ती आपोआप उभी राहिली असं सगळे धरून चालतात."

मला ते 'ताई' म्हणत, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही. कार्यालयातल्या सगळ्या बायका त्यांच्यासाठी ताई होत्या, आणि नळावरच्या सगळ्या अक्का.

नव्या पद्धतीचं अंदाजपत्रक आमच्याकडे आलं तेव्हा त्याचं प्रशिक्षण घ्यायला मला जळगावला पाठवलं होतं. तीन दिवसांचं होतं. मला वाचायला आवडतं म्हणून पाठवलं, बाकी कुणाला जायचं नव्हतं. तोवर आमचं अंदाजपत्रक म्हणजे कोणत्या कामाला किती पैसे, एवढंच. आता पाच वर्षांचा आराखडा आधी करायचा, आणि प्रत्येक कामापुढे लिहायचं की त्यातून गावाला काय मिळणार. ते मोजायचं कशावरून, त्याला निर्देशक म्हणायचं. किती व्हायला हवं, ते उद्दिष्ट. सहा महिन्यांनी आढावा. साध्य झालं तर रकाना हिरवा, मागे असेल तर लाल. मला ही पद्धत मनापासून पटली होती, आजही पटते. वर्षानुवर्षं खर्ची पडलेल्या आणि कुठेच न दिसलेल्या कामांच्या फायली मी हाताळल्या होत्या.

मी परत आल्यावर मार्गदर्शक पुस्तिका सगळ्या विभागांना वाटली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारे आबा एकटेच. चौथ्या दिवशी कपाटाच्या कडेने मान आली.

"ताई, चांगली पद्धत आहे ही."

"खरंच वाटतं तुम्हाला?"

"खरंच. रस्ता केला, तर त्यावरून किती गाड्या गेल्या विचारते. बरोबर आहे. फक्त जे झालं तेच तिला मोजता येतं. जे होऊ दिलं नाही, ते कुठे लिहायचं?"

मी म्हटलं, बघू, काहीतरी मार्ग निघेल. त्यांच्या मनात टाकी होती, हे मला ठाऊक होतं. आबांच्या मनात कायम टाकीच असायची.

आमच्या गावात जुन्या वस्तीच्या मधोमध उंच पाण्याची टाकी आहे. सहा खांबांवर उभी. ती बांधली तेव्हा आजूबाजूला मोकळं मैदान होतं. नंतर मैदानाच्या अर्ध्या भागात नगरपरिषदेनेच मुलींची प्राथमिक शाळा बांधली, कारण जागा स्वतःची होती आणि फुकट होती. सकाळी टाकीची सावली शाळेच्या अंगणात पडायची. मुली तिच्यात बसून डबा खायच्या, कारण तिथे दुसरी सावली नव्हती.

खांबांना फटी होत्या. काही ठिकाणी सिमेंट सुटून गंजलेली सळई दिसे. आबांनी त्या फटींवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. एक टोक फटीच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला. फट वाढली की काच तडकते. काचेला खोटं बोलता येत नाही, असं ते म्हणत. रोज सकाळी कामावर येण्याआधी ते सहाही खांबांना फेरी मारत. बरोबर भटूभाऊ असायचे. भटूभाऊ म्हणजे आमचे व्हॉल्व्हमन. टाकीच्या बुडाशी, खांबांच्या मधोमध जो मोठा व्हॉल्व्ह आहे, तो दिवसातून दोनदा, वेगवेगळ्या वस्त्यांच्या पाळीने, उघडायचा आणि बंद करायचा, हे त्यांचं काम. ते आबांची थट्टा करण्यात सर्वांत पुढे, तीही अहिराणीत.

"आबा, काच नीट शे. चला, चहा लई लेऊत."

"तिसऱ्या खांबाची बघितली?"

"बठ्ठ्या बघ्यात, सगळ्या. तुम्हले पाहीसन टाकीबी भ्याई जाई एक दिन."

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. आबांनी मला खांबावर तळहात ठेवायला सांगितला. वर पाणी चढत होतं. खांबातून बारीकशी थरथर हाताला लागत होती, झोपलेल्या जनावराच्या अंगाला हात लावल्यासारखी. मी हात काढून घेतला. आबा म्हणाले, "थरथरली तर ठीक आहे. थरथर थांबली की मले जास्त भीती वाटते." कुंपणापलीकडे पाढे चालू होते. त्या दिवसापासून मी बाजारात जायला लांबचा रस्ता धरते.

टाकीच्या तपासणीचा अहवाल आला होता. खांब मजबूत करावेत, तोवर टाकी पूर्ण भरू नये, असं त्यात लिहिलं होतं. आबांनी खांबांचं काम पहिल्या वर्षात घालण्यासाठी धरणं धरल्यासारखं केलं. रोज मुख्याधिकाऱ्यांच्या दाराशी. साहेब वाईट नव्हते. त्यांनी काम पहिल्या वर्षात घेतलं. दोन गोष्टी मात्र नाकारल्या. शाळा हलवायला नकार दिला, कारण तसं केलं की टाकी धोकादायक असल्याचं लेखी मान्य केल्यासारखं होई. आणि आबांना बजावलं, "आबा, ही गोष्ट बाहेर बोलू नका. गावात घबराट होईल." तेव्हापासून आबा सगळ्या गावाच्या वाटणीचं एकटे भीत होते.

मग त्या कामाचा तक्ता भरायची वेळ आली. मी संगणकावर, आबा माझ्या बाजूला स्टुलावर. कामाचं नाव, वर्ष, रक्कम, सगळं भरलं. निर्देशकाचा रकाना आला. तो रिकामा ठेवून पुढे जाता येत नव्हतं. शब्द चालत, पण उद्दिष्ट आकड्यातच हवं होतं.

"काय लिहू आबा? लाभार्थी किती?"

"लाभार्थी कोण? पाणी आज मिळतं, काम झाल्यावरही तेवढंच मिळणार."

"मग यातून काय होणार?"

आबांनी स्टूल पडद्याजवळ ओढलं. "काही होणार नाही, ताई. काही होऊ नये एवढ्यासाठीच तर करायचंय."

मला ते वाक्य आवडलं. मी निर्देशकात लिहिलं, 'टाकी परिसरातील अपघात'. उद्दिष्टात लिहिलं, शून्य. आबांनी वाचलं आणि मान हलवली. आम्ही दोघं खूश होतो. मी तेव्हा स्वतःला हुशार समजले.

सहामाही आढावा आला तेव्हा खांबांचं काम सुरू झालं नव्हतं. निविदेला कोणी आलं नव्हतं, दुसऱ्यांदा काढायची होती. माझं काम तक्त्यात आकडे भरायचं. मी एकेक ओळ घेत गेले. टाकी परिसरातील अपघात: उद्दिष्ट शून्य, प्रत्यक्ष शून्य. रकाना आपोआप हिरवा झाला. मी खालच्या ओळीवर गेले. त्या दिवशी चाळीसच्या वर ओळी होत्या. थांबून बघावं असं मला वाटलं नाही, आणि आता मला दुसरं काही आठवत नाही.

नियम पुस्तिकेतच होता: ज्याचं उद्दिष्ट साध्य झालं, त्याचा न वापरलेला निधी मागे पडलेल्या कामाकडे वळवावा. बैठकीत हिरव्या ओळी वाचल्या, लाल ओळी वाचल्या. पथदिवे लाल होते. वीस मिनिटांत खांबांचे पैसे दिव्यांकडे गेले. आबा त्या दिवशी पाइप फुटला म्हणून शिरपूर रस्त्याला होते. संध्याकाळी परत आले, तेव्हा मीच त्यांना कागद दाखवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे टाकी पडली नाही म्हणून पैसे गेले."

"हो आबा."

"पडली असती तर?"

"लाल झालं असतं."

ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चूक तुमची नाही. आपण दोघांनी मिळून लिहिलं." मग त्यांनी माझ्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायले. मी साहेबांकडे गेले, चूक झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, ठराव झालाय, आता पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष म्हणजे मधे एक उन्हाळा.

त्या उन्हाळ्यात तिसऱ्या खांबावरची काच तडकली. आबांनी कुणाला विचारलं नाही. भटूभाऊंना सांगितलं, आजपासून टाकी निम्म्यावर भरायची. अहवालात तसं लिहिलेलं होतंच. आदेश निघाला नव्हता एवढंच. टाकी निम्मी म्हणजे पाण्याला जोर नाही. उंचावरच्या वस्तीला नळ थेंबथेंब गळू लागले. चौथ्या दिवशी येणारं पाणी सातव्या दिवशी येऊ लागलं. माझ्या तक्त्यात पाणीपुरवठ्याची ओळ लाल झाली, आणि ती लाल करणारीही मीच.

बायका हंडे घेऊन आल्या. साहेब बाहेर गेले होते, किंवा तसं सांगितलं गेलं. आबा खाली गेले. मी वरून खिडकीतून ऐकत होते. पुढे एक वयस्क बाई होती, कमरेवर रिकामा हंडा.

"आबा, टाकीले नवरीमायक जपी राहिनात तुम्ही. आम्हना हंडा कोरडा शे."

"बरोबर आहे अक्का, नवरीसारखंच जपतो."

"बरोबर शे तं सोडा ना पाणी. टाकी काय तुम्हना बापनी शे?"

"नाही अक्का."

"मंग भ्यातस कोनले?"

इथे त्यांना एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. त्या बाईची नात त्याच शाळेत होती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. पण त्यांना न बोलण्याचं बजावलेलं होतं, आणि बोललो तर लोक पळताना काय होईल याचीही त्यांना भीती होती. ते म्हणाले, "मी सगळ्याच गोष्टींना भितो अक्का, हे कोणालाही विचारा." बायका हसल्या. ती हसली नाही. तिने हंडा त्यांच्या पायाशी उलटा ठेवला आणि निघून गेली. दुपारपर्यंत तो तिथेच होता. मग आबांनी भटूभाऊंच्या हातून तिच्या घरी पोचवला, भरून.

आठवड्याने नोटीस निघाली. परवानगीविना पुरवठा कमी केला, निर्देशकात घट झाली, कारणे दाखवा. मसुदा मी टंकित केला. टंकित करताना एका ओळीवर थांबले होते, तेव्हा कपाटाच्या कडेने आवाज आला, "लिहा ताई. खरंच आहे ते. मी कमीच केला."

खुलासा त्यांनी हाताने लिहिला. मला वाटलं होतं, अहवाल जोडतील, काचेचं सांगतील. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तो फायलीत पाहिला. विषय, संदर्भ, सगळं रीतसर. खाली एकच ओळ: टाकी निम्मी ठेवली, कारण मला भीती वाटते. त्याखाली सही.

त्यांच्या जागी साक्रीहून प्रभारी अभियंता येऊ लागले, आठवड्यातून दोन दिवस. त्यांनी पहिल्याच दिवशी टाकी पूर्ण भरायला सांगितली. त्यांचं काय चुकलं? त्यांच्यापुढे तक्ता होता आणि तक्त्यात एक ओळ लाल होती. पाणी पुन्हा चौथ्या दिवशी आलं. गावात बरं बोललं गेलं. भटूभाऊ मला म्हणाले, "ताई, भरी ऱ्हायनू मी, पन आते माले वर पाहाले धीर होत नही." आबांची थट्टा करणारा माणूस आता व्हॉल्व्हकडे जाताना धावत जायचा आणि धावत यायचा. दुसरी काच तडकली. ती मी पाहिली. मी रोज जात होते, आबा जायचे त्याच वेळी. सहा खांब. तळहात लावायचा मात्र पुन्हा धीर झाला नाही.

शाळेच्या मोठ्या बाई एक दिवस कार्यालयात आल्या. आबांच्या घरी भेटायला जायचं राहून गेलं म्हणाल्या. मग सहज म्हणाल्या, "शाळा भरली की त्यांचा फोन यायचा. आज किती मुली आल्या, एवढंच विचारायचे. मी आकडा सांगायची, ते ठेवून द्यायचे. मला वाटायचं, पोषण आहाराच्या पाण्यासाठी विचारत असतील. पावसाने शाळा सोडली असं सांगितलं की म्हणायचे, बरं झालं."

त्या गेल्यावर मी तक्ता उघडला. आबांच्या शेजारी बसून मी ज्या निर्देशकाचा शोध घेत होते, तो ते रोज फोनवर विचारून घेत होते. त्यांनाही तो तसा दिसला नसावा. त्यांच्यासाठी ती फक्त भीती होती, रोज बदलणारा आकडा असलेली.

अंदाजपत्रकाचा हंगाम होता. मी खांबांच्या कामाची ओळ पुन्हा घातली. निर्देशक लिहिला: टाकीखाली रोज येणारी माणसं. सद्यःस्थिती, एकशे पंच्याऐंशी. उद्दिष्ट, शून्य. साहेबांनी तक्ता चाळला आणि तिथे थांबले.

"हे काय आहे?"

"शाळेतल्या मुली आणि बाई मिळून एकशे चौऱ्याऐंशी, सर. आणि भटूभाऊ."

"हे तर लाल दिसेल."

"हो सर."

"पुढच्या आढाव्यातही?"

"माणसं तिथे आहेत तोवर."

"हा तक्ता धुळ्याला जातो, माहीत आहे ना तुम्हाला?"

मी हो म्हटलं. मी आजवर कोणत्याही साहेबांसमोर दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलले नव्हते. नोकरी, घराचा हप्ता, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. ते काढून टाका म्हणाले असते तर मी काढलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, आणि मला पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर आबांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी दिसलं. आकडा समोर आल्यावर त्यांनाही भीती वाटली होती. कशासाठी, मुलींसाठी की लाल रकान्यासाठी, हे मी ठरवू शकत नाही. मला ते ठरवायचंही नाही.

अकरा दिवसांत शाळा हलली. जुन्या वाचनालयाच्या दोन खोल्यांत आणि समोरच्या ओट्यावर वर्ग बसतात. दाटीवाटी आहे. पालक तक्रार करतात की मुलींना लांब पडतं, आणि ते खरं आहे. कशासाठी हलवली हे विचारलं तर आम्ही दुरुस्ती म्हणून सांगतो. बहुतेकांना वाटतं, पाण्याचा गोंधळ घालणाऱ्या भित्र्या आबांनी जाता जाता हेही करून ठेवलं.

टाकी कदाचित आणखी वीस वर्षं पडणार नाही. मग आबा चुकले असंच म्हटलं जाईल. खांबांच्या कामाला यंदा ठेकेदार मिळाला आहे. पावसाळ्यानंतर सुरू करतो म्हणाला. तोवर टाकी रोज काठोकाठ भरते, आणि व्हॉल्व्ह तिच्या बुडाशीच आहे.

या सहामाहीच्या तक्त्यात मी एकशे पंच्याऐंशी खोडून एक लिहिला. रकाना लाल आहे. भटूभाऊ दिवसातून दोनदा तिथे जातात.